गोड्या विहिरीचं अपील

दिगू,

परवा तुझ्या अंगणात एवढी माणसं होती की मला पहिली शंका तिथंच आली. तू असताना अमरावतीच्या राजापेठेतल्या घराचं फाटक कुणी सहजासहजी ढकलत नसे. ढकललंच तर तू पडवीतूनच विचारायचास, "काही काम आहे का?" आणि ज्याचं काम असे तो तिथूनच परत जाई. परवा मात्र फाटक सताड उघडं. गल्लीत गाड्या इतक्या की ट्यूशनच्या पोरींना स्कूट्या हातानं ढकलत न्याव्या लागत होत्या. जो तो हार घेऊन आलेला. एका हारावर तर देणाऱ्याचं नाव एवढं मोठं होतं की क्षणभर वाटलं, गेला तो हाच की काय.

मी अकोल्याहून पहिल्या एसटीनं आलो आणि तुझ्या कडुलिंबाखाली उभा राहिलो. रडलो नाही. तू असतास तर म्हणाला असतास, "वसंता, तू रडासाठी रुमाल बी तपासून घेशीन लेका."

काय करणार? जन्मभर वजनमापं निरीक्षक म्हणून बाजार हिंडलो. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून कोरलेली वजनं, दांडीला बांधलेला काळा दोरा, हे बघून बघून नजर बिघडली. माणूस गोड बोलायला लागला की माझा हात आपोआप त्याच्या पारड्याखाली जातो. हे माझ्याबद्दल सगळ्यांत आधी तुला कळलं आणि त्यावरून सगळ्यांत जास्त टिंगलही तूच केलीस.

मग मला गजानन दिसला. माझा सख्खा चुलतभाऊ. चपलांच्या ढिगाजवळ उकिडवा बसला होता, आपल्या गावाहून, भातकुलीच्या पुढून आलेला. तू त्याच्या विरुद्ध निकाल दिलास, आणि त्या निकालापासून त्याच्या माझ्यात एका शब्दाची देवघेव नाही. मनात म्हटलं, हा इथं कशाला? न्यायाधीश खरंच गेला की नाही, हे डोळ्यांनी बघून घ्यायला? मी तोंड फिरवलं. पण वेळ मिळेल तसा त्याच्यावर डोळा ठेवून होतो.

आपण तिघं एका आळीतले. तुझं घर, मधे मारुतीचं देऊळ, मग आमचं दोन भावांचं मिळून एक घर. आपल्या पट्ट्यातली जमीन काळीभोर, पाहुणा बघत राहील अशी, पण तिच्या पोटातलं पाणी खारं. विहीर खणा नाहीतर बोअर मारा, त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि चहा नासतो. तशा मुलखात आमच्या वावरातल्या एका विहिरीला गोडं पाणी लागलं होतं. अख्खं गाव तिला गोडी विहीर म्हणायचं. शाळेतून येताना आपण तिघं तिच्या मोटेचं पाणी पडायचं त्या थारोळ्यावर पालथे पडून पाणी प्यायचो, आणि तू दर वेळी सगळ्यांत शेवटी प्यायचास. मी एकदा विचारलं होतं की तू मागं का थांबतोस. तू म्हणालास, "तुमी दोघं भांडता कोन पयले पेनार म्हून. मले तमाशा पाह्याले मिळते."

आणि तो शंकरपट! बैलजोड्यांच्या शर्यतीला पंच लागतो, आणि पंच झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही, म्हणून मोठी माणसं अंग काढून घेत. तू तेव्हा कॉलेजात होतास. तुला शिकलेला म्हणून शेवटच्या रेषेवर खुर्ची टाकून बसवलं. अखेरच्या फेरीत तुझ्या सख्ख्या मामाची जोडी होती. धूळ अशी उठली की रेष कुणालाच दिसेना. तू खुर्चीवरून उठलास आणि मामा हरला असं सांगून मोकळा झालास. मामांनी तुझ्या आईकडे येणं-जाणं टाकलं. दिवाळीला तुझी आई माहेरी गेली ती रडत परत आली. मी तुला नदीकाठी गाठून विचारलं होतं, "खरंच हरला होता, का मामा हाय म्हून हरवला?" कारण लोकांनी आपल्याला स्वच्छ म्हणावं म्हणूनही माणूस आपल्या माणसाचा गळा कापतो, हे मला त्या वयातही कळत होतं. तू पाण्यात दगड टाकत राहिलास आणि म्हणालास, "तपासून घे ना बे."

तेव्हापासून ते तुझं पालुपदच झालं. मी म्हणायचो, या दुधात पाणी आहे. तू म्हणायचास, तपासून घे. मी म्हणायचो, ती मुलगी तुझ्याकडेच बघतेय. तू म्हणायचास, तपासून घे. तिच्याशीच तुझं लग्न झालं, म्हणजे माझी ती एक शंका तरी बरोबर निघाली.

तू अमरावतीत वकिली करत होतास आणि माझी नेमणूकही तिथंच होती, ती वर्षं मला सगळ्यांत आवडती. संध्याकाळी कोर्ट सुटलं की राजापेठेत गिला वड्याच्या गाडीवर आपण उभे. गाडीवाला मला ओळखायचा, निरीक्षक साहेब म्हणून माझ्या पानात दही जरा जास्तच पडायचं. तू माझं पान आणि तुझं पान शेजारी शेजारी धरून बघायचास आणि गाडीवाल्याला म्हणायचास, "भाऊ, याचं दही काढ, नाई त माह्या पानात टाक. दोघाचं सारखं पायजे." तो बिचारा हसायचा. मी मात्र चिडायचो, कारण लोक बघत असत.

मग तू न्यायाधीश झालास, आणि आपल्या दोस्तीला कलमं लागली. जिल्ह्या-जिल्ह्यांतून फिरत फिरत तू नागपूरच्या उच्च न्यायालयात गेलास, लोकांची अपिलं ऐकायला. गिला वड्याच्या गाडीवर उभं राहणं बंद झालं. माझ्या मुलीच्या लग्नाला आलास, अक्षता टाकल्यास, उभ्यानं पाणी प्यायलास आणि निघालास. मांडवात कुणाचा कोणता खटला बसला असेल सांगता येत नाही, हे तुझं कारण. माझ्या बायकोनं तुझ्यासाठी वेगळं काढलेलं ताट तसंच राहिलं. तुझी बायको मात्र पंगतीला बसली, दोनदा वाढून घेतलं आणि म्हणाली, "जज ते आहेत. मी नाही." वहिनी मला तुझ्यापेक्षा जास्त न्यायी वाटल्या त्या दिवशी.

तरी अकोल्यात मी तुझ्या नावानं छाती फुगवून फिरायचो, ते वेगळंच. ओळखीच्या माणसाचं प्रकरण समोर आलं की न्यायाधीश म्हणतो, "माझ्यासमोर नको." कारण सांगावं लागत नाही, कागद उचलले जातात आणि दुसऱ्या न्यायमूर्तींपुढे जातात. तू ते शब्द किती सहज वापरायचास याच्या गोष्टी मी चहाच्या टपरीवर रंगवून सांगायचो. तुझ्या मुलाला कधीकाळी गणित शिकवणाऱ्या मास्तरांचं घरभाड्याचं प्रकरण आलं, तेव्हासुद्धा तू म्हणालास, माझ्यासमोर नको. गणिताचे मास्तर! लोक कौतुकानं माना हलवायचे आणि मी चहाचे पैसे देऊन टाकायचो.

आता विहिरीवर येतो. तू टाळलं असतंस, पण मला टाळता येत नाही.

माझे वडील आणि गजाननचे वडील यांची वाटणी तोंडीच झाली होती. दोघं गेल्यावर विहीर कुणाची यावरून आम्ही भांडलो. मी म्हणायचो, विहीर माझ्या बापानं खणली, ती माझ्या वाट्यात आहे. गजानन म्हणायचा, दोघांच्या घामाची आहे, सामाईक आहे. खालच्या कोर्टात मी जिंकलो, वरच्यात तो जिंकला. मी नागपूरला अपील टाकलं आणि ते तिथं पडून राहिलं. इतकं पडून राहिलं की दोन वावरांमधल्या धुऱ्यावरची बाभूळ मोठी होऊन वाळून गेली.

एक दिवस माझ्या वकिलाचा फोन आला की अपील लागलंय, आणि ते तुझ्यापुढे लागलंय. मी हसलो. म्हटलं, आता दिगू म्हणणार माझ्यासमोर नको, आणि आपण पुन्हा रांगेच्या शेवटाला. मी नागपूरला गेलोच नाही. तुला माझं तोंड दिसू नये आणि तुझी पंचाईत होऊ नये, एवढा विचार मी केला होता. संध्याकाळी फोन लावला तर वकील म्हणाला, "आयकली केस. निकाल राखून ठेवला." मी विचारलं, कुणी ऐकली? म्हणाला, "कोनी म्हंजे? तुमच्या साहेबानंच."

पुढे निकाल आला. विहीर माझी. गजाननच्या घराला आणि गुरांना पिण्याचं पाणी नेण्याची मुभा. बाकी काही नाही.

मी पेढे आणले. पिशवी टेबलावर ठेवली आणि तिथंच माझं डोकं फिरलं. गणिताच्या मास्तरांसाठी तू खुर्चीवर बसायला तयार नव्हतास. मग माझ्यासाठी कसा बसलास? म्हणजे एक तर मी त्या मास्तरांइतकाही तुझा कुणी उरलो नव्हतो, नाव वाचलंस आणि तुला काहीच वाटलं नाही. नाहीतर मी तुझा होतो, आणि म्हणूनच विहीर माझी झाली. पहिलं खरं असेल तर माझा दोस्त गेला. दुसरं खरं असेल तर माझा निकाल गेला, आणि दोस्तही गेला, कारण मी ज्याच्या गोष्टी टपरीवर सांगायचो तो माणूस मग नव्हताच. पेढे मी सगळ्या गल्लीत वाटले. माझ्या तोंडात एकही गेला नाही.

त्यात तू येणं बंद केलंस. दिवाळीचा तुझा फोन यायचा, तोही थांबला. मी म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. दुसरीकडे गावात गजानन. तुझ्या निकालानं त्याला पिण्याचं पाणी दिलं होतं, पण तो कधी विहिरीवर आला नाही. भातकुलीहून फिल्टरच्या पाण्याची कॅन मोटारसायकलला बांधून, माझ्या विहिरीच्या कडेनं, मी वावरात असलो तरी मान ताठ ठेवून जायचा. एक शब्द बोलायचा नाही. तो शिव्या देता तर बरं झालं असतं. त्याच्या त्या गप्प बसण्यात मला ऐकू यायचं, तुझा दोस्त जज होता म्हणून.

तू निवृत्त झाल्यावर एकदा फोन केलास. किती मोकळा आवाज होता तुझा. "वसंता, अकोल्याले येऊन राहिलो. तुह्याकडे येऊ काय? आता कोनाच्या बापाची भीती नाई." मी म्हटलं, "ये ना. पन आंधी येक सांग. इहिरीच्या निकालात दोस्तीचं वजन किती धरलं होतं?"

तू एवढंच म्हणालास, "तपासून घे."

आणि आला नाहीस. मी तो साहेबी तोरा समजलो. त्यानंतर आपण लग्नाकार्यात भेटलो, तू माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस आणि मी गुडघ्याबद्दल सविस्तर सांगितलं. शेवटची काही वर्षं आपली दोस्ती त्या एका गुडघ्यावर उभी होती.

परवा स्मशानात शोकसभा झाली. एकानं तुला न्यायदेवतेचा पुजारी म्हटलं. दुसरे साहेब बोलायला उठले ते तुझ्यावरून स्वतःवर घसरले आणि स्वतःवरच राहिले. मी बाकावर बसून कोण घड्याळाकडे बघतंय, कोण मोबाइलमध्ये बोटं घालतोय हे टिपत होतो. तेवढ्यात शेजारी कुणीतरी बसलं. बघतो तर गजानन. मी सरकलो. तोही सरकला, माझ्याच बाजूला. हातातली बाटली पुढं करून म्हणाला, "पानी पेतं काय?"

"नाई."

तो स्वतः प्यायला. मग तुझ्या सरणाकडे बघून एकदम म्हणाला, "वसंता, त्या दिवशी तू कोर्टात काऊन नाई आला?"

"कोन्या दिवशी?"

"इहिरीच्या. म्या होतो ना. दिगूनं आपली नावं वाचली, आन् चष्मा काढून ठेवला. पयले इंग्रजीत काही म्हनला. मंग माह्याकडे पाहून मराठीत म्हनला, हे माझ्यासमोर नको. दोघंही माझ्या गावचे आहेत, त्यातला एक माझा लंगोटीयार आहे. भर कोर्टात म्हनला थो."

मी आवाज साधाच ठेवला. "मंग?"

"मंग म्या उभा झालो. माहा वकील सदरा ओढून राहिला माहा, खाली बसा म्हने. म्या म्हनलं, साहेब, तुमीच आयका. माही हरकत नाई."

दिगू, खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: याला आता विहिरीचं पाणी हवंय. एवढ्या वर्षांनी, तू बोलू शकत नाहीस तेव्हा, हा कथा रचून आणतोय. मी विचारलं, "काऊन? माहा दोस्त हाय हे मालूम असून?"

गजानन माझ्याकडे असा बघायला लागला जसा मीच खुळा आहे. "अरे, सख्ख्या मामाची जोडी ज्यानं हरवली, थो दोस्तासाठी रेष सरकवन काय?"

"आन् हरला तवा?"

"हरलो तवा लय शिव्या देल्या. सोताले. घरात बायको अजून म्हनते, तुमालेच खाज होती उभं राह्याची. कोनाले सांगू बावा? म्याच म्हनलं होतं ना, आयका म्हून."

"आन् माही हरकत? मले कोनी इचारलं?"

"तुह्या वकिलाले इचारलं. दोनदा इचारलं दिगूनं. थो म्हने, माझ्या पक्षकाराला सगळं माहीत आहे, त्यांची हरकत नाही." गजानननं माझ्याकडे वळून पाहिलं. "तुले मालूम नोयतं?"

मी उठलो. टिनाच्या शेडमागं गेलो आणि वकिलाला फोन लावला. तिकडे तुझा मुलगा तुला अग्नी देत होता आणि इकडे मी तुझा तपास करत होतो. हसायचं तर हस. वकील आता म्हातारा झालाय, त्याला ऐकू कमी येतं, म्हणून मला स्मशानात ओरडून विचारावं लागलं. तो म्हणाला, "हो, झालतं तसं. तुमाले इचारलं असतं त तुमी हजार शंका काहाडल्या असत्या भाऊ. इतक्या वर्सानं केस लागली होती, हातची कशी जाऊ देऊ?" मी विचारलं, मग नंतर तरी का नाही सांगितलं? तो म्हणाला, "नंतर त तुमी जिंकलेच ना."

मी परत येईपर्यंत ज्वाळा तुझ्या वर गेल्या होत्या. गजाननच्या शेजारी जाऊन बसलो. त्यानं बाटली पुन्हा पुढं केली आणि या खेपेला मी प्यायलो.

संध्याकाळी घरी माणसं पांगल्यावर वहिनींजवळ बसलो. मला तुझा राग आला होता, आणि तो त्यांच्यावर निघाला. म्हटलं, त्याला एक वाक्य बोलता येत नव्हतं? फोनवर? भर कोर्टात सांगितलं आणि मला सांगायला काय झालं होतं? वहिनी तुझी शाल घडी करत होत्या. म्हणाल्या, "तुम्हाला कोणी विचारलंच नव्हतं, हे त्यांना तुमच्या त्या फोनमुळं कळलं. तोवर त्यांना वाटायचं, तुम्हाला सगळं माहीत आहे. मी म्हटलं, आता तरी सांगून टाका. तर म्हणाले, निकालाबद्दल न्यायाधीशानं घरी बसून बोलू नये. जे बोलाचं ते मी तिथं सगळ्याईसमोर बोललो. आणि वसंता तपासल्याबिगर राहते काय? करन कोनाले तरी फोन."

"आणि येणं का बंद केलं?"

"जिंकलेल्याच्या घरी चहा प्यायला गेलो तर हरलेल्यानं काय समजावं, म्हणाले."

मी विचारलं, मग माझी वाट बघत होता का? वहिनींनी शाल मांडीवर ठेवली. "फोन वाजला की विचारायचे, अकोल्याचा आहे का? रोज नाही हं. कधी कधी."

त्यांनी ते "रोज नाही" म्हटलं नसतं तर मी कदाचित विश्वास ठेवला नसता. तिथं मात्र मला आवरलं नाही. वहिनींनी तीच शाल माझ्या हातात दिली, आणि मी तपासून न बघता डोळे पुसले.

तरी तुझं चुकलंच, दिगू. हा वाद मी सोडलेला नाही. निकालावर बोलू नये हे बरोबर, पण दोस्ताला एवढं तर सांगता आलं असतं की लेका, तुझ्या वकिलाला विचार. त्यात निकालाचा एक काना-मात्रा बदलत नव्हता. तुला तुझा नियम मोडवत नव्हता आणि मला माझी शंका सोडवत नव्हती, आणि दोघांच्या मधे एक फोन होता जो कुणीच केला नाही. तुला खात्री होती की मी तपासीन. अरे, मी सगळा बाजार तपासला, पण तुला तपासायची मला भीती वाटायची. पारड्याखाली हात घातला आणि खरंच मेण लागलं तर? म्हणून मी नुसता संशय घेत बसलो. संशय घेणं तपासण्यापेक्षा सोपं असतं.

काल गजाननच्या मोटारसायकलवर मागं बसून गावी गेलो. वावरात पोचल्यावर मी विहिरीकडे निघालो आणि मागं बघितलं तर तो धुऱ्यावरच थांबलेला.

"ये ना."

"बलावून राहिला?"

"हो, बलावून राहिलो. इतके दिवस काऊन नाई आला? निकालानं त देलं होतं तुले पानी."

तो चपला काढून आत आला. "निकालानं देलं. तू कुठी देलं होतं? हरलेल्या मानसाले सोताहून येता येत नाई बावा. जिंकलेल्यानं बलावा लागते."

मी विहिरीवरची मोटार चालू केली. त्यानं ओंजळ धरली, प्यायला, तोंडावर मारलं. म्हणाला, "गोडच हाय अजून." मला किंचित खारट लागलं, पण मी बोललो नाही. मग आम्ही दोघं थारोळ्यावर बसलो, आणि तिसरी जागा आपसूक रिकामी राहिली. सगळ्यांत शेवटी पिणारा आलाच नव्हता.

तिथं बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं. त्या दिवशी कोर्टात तू दोनदा विचारलंस, आणि दोन्ही वेळा माझ्या जागी दुसराच बोलला. म्हणजे तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर अजून गेलेलंच नाही. आज देतो.

दिगू, मी वसंता, हजर आहे. हे अपील तूच ऐक. माझी हरकत नाही.